पाइपाच्या वळणावरील अस्तित्वातील बांधकाम

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी जिन्याच्या खिडकीबाहेरच्या सांडपाण्याच्या पाइपावर एका होल्याने काडी ठेवली. ती खाली पडली. सात चौदाला त्याने दुसरी ठेवली. तीही पडली. तिसरी सात अठराला आली आणि पाइप जिथे काटकोनात वळतो त्या बेचक्यात अडकून राहिली.

या वेळांबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधल्या त्या खिडकीशी स्टूल टाकून बसलेल्या गृहस्थांनी छत्तीस वर्षे पंपांच्या कारखान्यात आरेखकाची नोकरी केली होती. कारखान्यात त्यांना मिलीमीटर म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ठाऊक होते आणि मनातून ती पदवीच वाटे. त्यांच्या हातून चार हजारांहून जास्त नकाशे गेले. चूक म्हणून परत आलेला एकही नाही. आणि त्यांचे पूर्ण नाव असलेलाही एकही नाही. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत ‘रचना’ या शब्दापुढे इंजिनिअरचे नाव असे आणि ‘आरेखन’ या शब्दापुढे आरेखकाची दोन आद्याक्षरे. तेवढ्यासाठी जागा सोडलेलीच दोन अक्षरांची होती.

असा माणूस जिन्यात का बसला, याला मेव्हणी जबाबदार होती. निवृत्तीनंतर मिलीमीटरांनी घरातल्या सगळ्या फळ्या पाणसळीने तपासल्या आणि त्यातल्या सात तिरप्या निघाल्या, तेव्हा बायकोने बहिणीला फोन केला. मेव्हणी रविवारी सकाळी बागेत भरणाऱ्या चित्रवर्गाला जात असे. तिथे निसर्गापुढे बसून चित्र काढायचे आणि चित्राखाली चार ओळी लिहायच्या. तिने भावोजींना हाताला धरून नेले.

“समोरचं झाड बघा आणि जे वाटतं ते कागदावर उतरू द्या,” शिक्षिकाबाई म्हणाल्या.

“उंची किती धरायची?” मिलीमीटरांनी विचारले.

लोक हसले. सभ्य लोक होते, त्यामुळे तोंड फिरवून हसले. दोन तासांनी सगळ्यांच्या कागदांवर हिरव्या-निळ्या रंगाचे लोट पसरलेले होते. मिलीमीटरांच्या कागदावर एक पान होते. वरून, समोरून आणि मधून कापलेले, अकरा मापांसह.

शिक्षिकाबाईंनी ते बराच वेळ पाहिले. “सुबक आहे. पण हा नकाशा झाला. चित्रात काढणारा दिसावा लागतो. यात तुम्ही कुठे आहात?”

मिलीमीटरांनी कागद नीट न्याहाळला आणि उजव्या कोपऱ्यातल्या आद्याक्षरांवर बोट ठेवले. “इथे.”

हा किस्सा मेव्हणीने त्याच आठवड्यात नातेवाइकांच्या नऊ घरांत सांगितला. प्रत्येक घरी शेवटचे ‘इथे’ ती थोडे अधिक रंगवून म्हणत असे.

सहा आठवड्यांनी वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरणार होते. प्रत्येकाने निसर्गातली एकच गोष्ट निवडायची, रोज तिच्यापुढे बसायचे, काढायचे आणि लिहायचे. चित्राखाली वाचनालयातर्फे काढणाऱ्याच्या पूर्ण नावाची पाटी लागणार होती. मिलीमीटरांनी त्या पाटीची लांबी-रुंदी विचारून घेतली. या प्रदर्शनात आपले नाव लागलेच पाहिजे, असा निश्चय त्यांनी घरी येताना बसमध्ये उभ्याउभ्या केला. घरी मात्र कुणाला काही सांगितले नाही.

आता होल्याविषयी. पक्ष्यांमध्ये उत्तम कारागीर पुष्कळ आहेत. होला त्यांच्यातला नाही. तो काड्या आणतो, मादी त्या अंगाखाली सरकवते आणि दोघांना वाटते की झाले. पाया नाही, गुंफण नाही, दोन काड्या सारख्या लांबीच्या नाहीत. पहिल्या दिवशी मिलीमीटरांना हे बघवेना. कारखान्यात अशा कामावर कुणी सही केली नसती. तरीही ते उठले नाहीत, कारण जागेवर जे आहे ते काढायचे असते, चांगले आहे की वाईट हे आरेखकाने ठरवायचे नसते. पाइपाचा व्यास एकशे दहा मिलीमीटर. तेवढे माहीत असले की पेन्सिल डोळ्यासमोर धरून त्याच्या शेजारची कुठलीही वस्तू मोजता येते. शुक्रवारपर्यंत त्यांनी त्रेचाळीस काड्या मोजून, क्रमांक देऊन कागदावर आणल्या. चव्वेचाळिसावी वस्तू तारेचा तुकडा होती. शुक्रवारी एक अंडे आले, शनिवारी दुसरे.

जिन्यात बसण्याची अडचण एवढीच की जिन्याने लोक जातात, आणि जो माणूस काहीतरी करत बसला आहे त्याला सल्ला दिल्याशिवाय पुढे जाणे त्यांना अपमानास्पद वाटते. तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, “काका, फोटो काढा आणि वरून गिरवा.” मेव्हणी आली तेव्हा तिने डोळे मिटून रेषा वाहू द्यायला सांगितले. मिलीमीटरांनी प्रयोग म्हणून डोळे मिटले. उघडले तेव्हा रेषा काडी क्रमांक सव्वीसमधून आरपार गेली होती आणि ती खोडायला पाऊण तास लागला.

खरे संकट रविवारी संध्याकाळी आले. ते पहिल्या मजल्यावरून आले आणि इमारतीचे सेक्रेटरी होते.

“काका, हा पाइप बदलायचाय,” सेक्रेटरी म्हणाले. “गळतोय. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आलीय. प्लंबर पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारचा ठरलाय. नगरपालिकेला पाइपाचा नकाशा द्यावा लागतो. तुमच्यासारखा माणूस घरात असताना बाहेर कशाला जायचं?”

मिलीमीटरांनी खिडकीबाहेर पाहिले. मादी अंड्यांवर बसली होती.

“महिनाभर थांबता येईल का? पिल्लं उडेपर्यंत.”

“मी थांबेन हो. भिंत थांबेल का?”

हा प्रश्न बरोबर होता. मिलीमीटर रात्री पेन्सिलींना टोक करत बसले. सोमवारी सकाळी त्यांनी नकाशा काढून दिला. सेक्रेटरींनी तो न उलगडता फायलीत घातला आणि दुपारी नगरपालिकेत दिला.

नकाशात पाइप होता, पाइपाचे वळण होते, कड्या होत्या. आणि वळणावर, वेगळ्या मोठ्या चौकटीत, त्रेचाळीस काड्या, एक तार आणि दोन अंडी होती. बाणाच्या टोकाशी लिहिले होते: अस्तित्वातील बांधकाम. व्यास १४०. रहिवासी दोन, लवकरच चार.

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी, म्हणजे प्लंबर येण्याच्या आदल्या दिवशी, नगरपालिकेची नोटीस आली. आपण दाखल केलेल्या नकाशात मंजूर आराखड्यात नसलेले वाढीव बांधकाम आढळले आहे. सबब जागेची पाहणी होऊन निर्णय होईपर्यंत सदर पाइपास कोणीही हात लावू नये.

सेक्रेटरी नोटीस घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत आले.

“अहो, तुम्हाला घरटं काढायला कुणी सांगितलं होतं?”

“जागेवर जे असतं ते काढायचं असतं.”

“मग माझ्या खिडकीत वाळत घातलेल्या बनियन पण काढायच्या होत्यात.”

“त्या रोज बदलतात,” मिलीमीटर म्हणाले.

वरवर ते शांत होते. आत मात्र काहीतरी ढासळले होते. छत्तीस वर्षांत त्यांच्या नकाशाविरुद्ध कागद आला नव्हता. त्यांनी नोटीस तीनदा वाचली आणि तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या जिवात जीव आला. नकाशात चूक आहे असे कुठेही म्हटलेले नव्हते. चूक इमारतीत होती.

“मुद्दाम केलंत ना?” बायकोने विचारले.

“नव्या कामाला लाल शाई, जुन्याला काळी. मी काळी वापरली. यात मुद्दाम काय आहे?”

बायकोने उत्तर ऐकले आणि त्यांच्याकडे नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ पाहिले. या प्रकरणातला हेतू नेमका काय होता याची चौकशी पुढे बऱ्याच जणांनी केली. निष्पन्न काही झाले नाही.

दुसऱ्या दिवशी मिलीमीटर नोटीस घेऊन नगरपालिकेत गेले. खिडकीत बसलेल्या कारकुनाने फाइल उघडली.

“बांधकाम कुणी केलं?”

“होल्याने.”

“पूर्ण नाव?”

“पक्षी आहे तो. घरटं आहे.”

कारकून चष्म्यावरून बघत राहिला. मग त्याने नकाशा उभा धरला, आडवा धरला. “मग काढून टाका आणि काढलं असं पत्र द्या. विषय संपला.”

“त्यात अंडी आहेत. उद्या-परवा फुटतील.”

“म्हणजे वापर सुरू झालाय?” कारकुनाचा आवाज एकदम गंभीर झाला. “तसं आधी सांगायचं ना. वापर सुरू झालेलं बांधकाम पाहणीशिवाय काढता येत नाही. आता तुम्ही काढायचं म्हटलंत तरी मी काढू देणार नाही.”

मिलीमीटरांनी त्याचे आभार मानले. सरकारी कचेरीतून इतक्या आनंदाने बाहेर पडलेला माणूस दारावरच्या पहारेकऱ्याने पूर्वी पाहिला नसावा, कारण त्याने त्यांना पिशवी उघडून दाखवायला सांगितली.

घरी आल्यावर मात्र त्यांना पहिल्या मजल्यावरची भिंत आठवली. आपले होले बसले आणि दुसऱ्याची भिंत भिजली, हे त्यांच्या हिशेबात बसेना. ते रबराची पट्टी आणि दोन कड्या घेऊन सेक्रेटरींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर वाकले आणि गळणारा सांधा त्यांनी तात्पुरता आवळून दिला. त्यांचे पाय सेक्रेटरींनी स्वतः धरले होते. गळती थांबली. त्यामुळे सेक्रेटरींचा राग वाढला, कारण तक्रार करायला आता काही उरले नाही.

शुक्रवारी पिल्ले बाहेर आली. दिसायला ती अत्यंत कुरूप होती. मिलीमीटरांनी तीही मापांसह काढली.

याच दिवसांत बायकोने त्यांची वही वाचली. लिहायचे म्हणजे काय लिहायचे हे मिलीमीटरांना कळले नव्हते, म्हणून त्यांनी नकाशाच्या बाजूला लिहितात तशा क्रमांक टाकून टिपा लिहिल्या होत्या. टीप १: सर्व मापे मिलीमीटरमध्ये. टीप २: काड्या त्रेचाळीस, तार एक. टीप ९: काडी क्रमांक सतरा कोणतेही वजन पेलत नाही. तरी मादी तिला रोज चोचीने सारखी करते. टीप १४: नराने काडी आणली. मादीने पाहिली व खाली टाकली. नर पुन्हा गेला.

बायकोने टीप चौदावर बोट ठेवले. “हे कुणाबद्दल आहे?”

“होल्याबद्दल.”

“मी कधी काडी खाली टाकली?”

“पडद्याचं कापड. तीनदा परत पाठवलंस.”

बायको वही घेऊन आतल्या खोलीत गेली. अर्ध्या तासाने बाहेर आली तेव्हा तिने चहा आणला होता, आणि तो जिन्यात आणला होता. तिथून पुढे रोज दुपारी तीन ते चार ती स्टुलावर बसू लागली, म्हणजे त्यांना पाठ टेकता यावी. त्या एका तासाच्या टिपा तिच्या अक्षरात आहेत.

पुढच्या मंगळवारी पाहणीसाठी नगरपालिकेच्या निरीक्षक बाई आल्या. तरुण होत्या, हातात टेप होती आणि चेहऱ्यावर दिवसातली सहावी पाहणी होती. सेक्रेटरी, डॉक्टर आणि मेव्हणी जिन्यात हजर होते. मेव्हणीला कुणी बोलावले होते ते कळले नाही.

निरीक्षक बाईंनी खिडकीतून पाहिले. नकाशा पाहिला. पुन्हा बाहेर पाहिले. मग त्यांनी मिलीमीटरांकडून पेन्सिल मागून घेतली, डोळ्यासमोर धरली आणि पाइपाशी ताडून मोजले. अशी पेन्सिल धरणारे माणूस मिलीमीटरांना निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत भेटले नव्हते.

“एकशे अडतीस येतंय. तुम्ही एकशे चाळीस लिहिलंय.”

सेक्रेटरी एक पायरी पुढे आले.

“काडी क्रमांक बत्तीस आज सकाळी आत सरकली,” मिलीमीटर म्हणाले. “मोठ्या पिल्लाने पाय दिला. वहीत नोंद आहे. टीप तेवीस.”

बाईंनी टीप तेवीस वाचली. मग बत्तीस क्रमांकाची काडी शोधली. ती आत सरकलेली होती. त्यांनी खिशातले पेन काढले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरच्या आधीच्या पाच पाहण्या गेल्या होत्या.

“काका, गेल्या चार वर्षांत जागेशी तंतोतंत जुळणारा नकाशा मी पहिल्यांदा बघतेय.”

“पण मॅडम, हे अनधिकृतच आहे ना?” सेक्रेटरींनी विचारले. “त्यातली ती तार बघा. माझी आहे ती, कपडे वाळत घालायची.”

“तुमची आहे?” बाईंनी लिहायला सुरुवात केली. “बांधकामास लागलेल्या साहित्यापैकी एक वस्तू सेक्रेटरींची असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले.”

सेक्रेटरी एक पायरी मागे सरकले.

बाईंनी निर्णय दिला. तात्पुरते बांधकाम, आजपासून तीस दिवस राहू शकते, तोवर पाइपाचे काम बंद. मग त्यांनी नकाशाची उजवी चौकट पुढे केली. “तपासणीत माझी सही झाली. आरेखनात आद्याक्षरं चालत नाहीत आता. पूर्ण नाव लिहा.”

मिलीमीटरांनी पेन घेतले. चौकट दोन अक्षरांचीच होती, त्यामुळे नाव तिच्याबाहेर चार बोटे गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी रेघ ओलांडली आणि कुणी काही म्हटले नाही.

“आणि रचना? हा रकाना रिकामा ठेवता येत नाही.”

“रचना माझी नाही.”

“घालून टाका की हो तुमचंच नाव,” डॉक्टर म्हणाले. “कोण बघतंय?”

“मी बघतोय,” मिलीमीटर म्हणाले. “केलं त्याचं नाव तिथे येतं. छत्तीस वर्षं मी तेच बघितलं.”

निरीक्षक बाईंनी थोडा विचार केला आणि रचना या शब्दापुढे लिहिले: होला, नर व मादी. त्यापुढे कंसात: सही बाकी.

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी, सकाळी आठ पस्तीसला, मोठे पिल्लू उडाले. धाकटे दुपारी सव्वातीनला, म्हणजे बायकोच्या पाळीत. ती नोंद तिची आहे आणि तिच्यात एकही माप नाही.

प्रदर्शनाला मूळ नकाशा देता आला नाही, कारण तो फायलीत होता. मिलीमीटरांनी नगरपालिकेतून त्याची प्रमाणित प्रत मिळवली. तिच्यावर गोल शिक्का होता आणि तो नेमका डाव्या अंड्यावर बसला होता. सभागृहात बत्तीस चित्रे होती. एकतिसांमध्ये हिरवा आणि निळा रंग होता. बत्तिसाव्यापुढे लोक थांबत होते. आधी हसत, मग वाकत, मग एका बोटाने काड्या मोजत आणि मग बाजूच्या टिपा पहिल्यापासून वाचायला लागत. शेजारी मेव्हणीचा सूर्यास्त होता. लोकांची पाठ त्याच्याकडे होत होती, म्हणून मेव्हणी तिथे उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, “भावोजी आहेत माझे. मीच आणलं त्यांना.”

शिक्षिकाबाई आल्या. त्यांनी सगळ्या एकतीस टिपा उभ्याने वाचल्या. टीप एकोणीसपाशी त्या थांबल्या. ती अशी होती: दुपारी जोराचा वारा. घरटे पडेल असे वाटले. पडले नाही. ते का पडत नाही हे मला अजून काढता आलेले नाही. उद्या पुन्हा बसणार.

मिलीमीटर त्यांच्या प्रश्नाची वाट पाहत उभे होते. उत्तर म्हणून त्यांनी बोटही तयार ठेवले होते. पण बाईंनी विचारले ते वेगळेच.

“पुढच्या वर्गाला पहिल्या दिवशी तुम्ही शिकवाल? बघायला शिकवायचंय. नुसतं बघायला.”

“उंची किती धरायची तेही सांगेन,” मिलीमीटर म्हणाले.

प्रेक्षकांच्या पसंतीच्या चौऱ्याण्णव चिठ्ठ्यांपैकी एकसष्ट त्यांच्या नावावर पडल्या. त्यांनी त्या पुन्हा मोजायला लावल्या. दुसऱ्यांदा बासष्ट भरल्या. एक चिठ्ठी घडीत अडकली होती. ती सेक्रेटरींच्या अक्षरात होती, असे बायकोचे म्हणणे आहे. सेक्रेटरींनी याला दुजोरा दिलेला नाही.

आता राहिली ताजी परिस्थिती. तीस दिवसांची मुदत गुरुवारी संपत होती आणि प्लंबरला शुक्रवारी बोलावले होते. बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्याच घरट्यात, काडी क्रमांक सतराशेजारी, नवे अंडे दिसले. सात वीसला मिलीमीटरांनी सुधारित नकाशा काढायला घेतला. दहा वाजता तो नगरपालिकेत होता आणि या खेपेला सेक्रेटरी स्वतः तो घेऊन गेले होते. त्यांची भिंत तोवर कोरडी झाली होती आणि जाताना त्यांनी नकाशा उलगडून पाहिला होता. त्यात पहिल्या मजल्याच्या खिडकीत बनियन काढलेली होती. वेळेसह.

कारकुनाने फाइल तपासली आणि सांगितले की आधीचे प्रकरण बंद झाल्याशिवाय सुधारित नकाशा घेता येत नाही, आणि आधीच्या प्रकरणात एक त्रुटी आहे. तोवर पाइपास हात लावता येणार नाही.

शेवटच्या माहितीप्रमाणे फाइल दुसऱ्या मजल्यावर आहे, मादी अंड्यांवर आहे आणि रचनाकाराची सही अद्याप आलेली नाही.